आहेर अण्णांनी न दिलेला धक्का

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता माझा धीर सुटेल. कबड्डीच्या व्यावसायिक लीगमध्ये नाशिकच्या संघाचा उपांत्य सामना होता. शेवटच्या चढाईला मी पंच म्हणून दिलेला निर्णय चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे मला शिट्टी ओठांत असतानाच कळलं होतं. भरलेल्या हॉलमध्ये ही गोष्ट आणखी एकाच माणसाला कळली. आहेर अण्णांना. ते आता नाहीत.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नाशिकच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायचे. मी त्यांना पाहिलं नंतर, ऐकलं आधी. वणीला स्पर्धा होती. मी शाळेत पीटी शिकवणारा नवखा पंच. एका पकडीवर मला शिट्टी द्यायला उशीर झाला, आणि गर्दीतून, माइक नसताना माइकमधून यावा तसा, आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पंचांची शिट्टी काही अपरिहार्य कारणांमुळे उशिरा धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

सगळं मैदान हसलं. ज्याची पकड झाली होती तोही हसला, आणि ज्यानं पकडलं होतं त्याची हसता हसता मिठी सुटली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सामना संपल्यावर एक काळासावळा, उंच, खाकी पँटीतला माणूस दोन कप चहा घेऊन माझ्यासमोर उभा.

"घ्या मास्तर. लय बोललो तुम्हाला. मैदानातलं मैदानात."

"तुम्ही कुठल्या संघाचे?" मी जरा तुटकच विचारलं.

"नाशिकचा असंल त्याचा. दोन्ही नाशिकचे असले तर सटाण्याचा."

"आणि सटाण्याचा नसलाच तर?"

"मग तुमच्या विरुद्ध," असं म्हणून ते इतके मोठ्यानं हसले, की चहावाल्यानं वळून पाहिलं.

अण्णांकडे तीन भाषा होत्या. खिल्ली उडवायची असली की स्टँडवरची शुद्ध मराठी, एकही काना-मात्रा न चुकवता. गप्पांना आपलं साधं 'लय' आणि 'नाय'. आणि खरा राग आला की थेट बागलाणातली अहिराणी. "आंधया शे का रे भो?", म्हणजे आंधळा आहेस का रे भाऊ, हे ऐकू आलं, की ओळखायचं, अण्णा आता थट्टा करत नाहीत. पंचांमध्ये आम्ही म्हणायचो, अण्णा घोषणा करतायत तोवर काळजी नाही, अहिराणीवर आले की नियम आठवायचे.

त्यांना खेळातलं फार कळायचं असं मात्र कुणी समजू नये. त्यांची बहुतेक ओरड चुकीची असायची. नाशिकचा खेळाडू उघड उघड रेषेबाहेर गेला, बाहेर जाऊन पाणी पिऊन आला, तरी अण्णांच्या मते तो नाबाद. एकदा लासलगावच्या सामन्यात त्यांनी एका पंचाला दहा मिनिटं फैलावर घेतलं आणि मग कळलं, की ज्याच्यासाठी भांडतोय तो समोरच्या संघाचा आहे. दोघांचे बनियन सारखेच पिवळे होते. "मग बरोबर दिलं त्यांनी," असं म्हणून अण्णा शांतपणे खाली बसले. चहा मात्र त्या पंचालाही गेला.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "अण्णा, पंच एवढे वाईट असतात का हो?"

"नाय मास्तर. पंच चुकला तर चुकू द्या, माणूसच हाय. गाडीपण चुकते फलाट. पण चुकलोय हे ज्याला कळलं आणि तरी जो गप बसला, त्याचं काय करायचं? त्याला ओरडून उपयोग नाय. त्याला आपल्यापेक्षा जास्त माहितीये."

मी मान हलवली होती. मला ते पटलंही होतं.

पुढं लीग आली. मातीच्या जागी मॅट, डोक्यावर झगझगीत दिवे, प्रत्येक गुणाला ढोल, आणि पंचाचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासून घ्यायला संघाला सामन्यात एकदाच मागता येणारा रिव्ह्यू. अण्णा तोवर निवृत्त झाले होते. त्यांची बायको, आमच्या वहिनी, वारल्यावर सिडकोत मुलीकडे, मंगलकडे, राहायला आले होते. मंगल म्हणायची, "अण्णा, घरी टीव्हीवर बघा की. मोठं दिसतं, पुन्हा पुन्हा दाखवतात." अण्णांचं उत्तर ठरलेलं. "टीव्हीला ओरडलो तर त्याला ऐकू येतं का?" पूर्ण हंगामाचं तिकीट काढून ते मध्यरेषेच्या अगदी समोर, खालून तिसऱ्या रांगेत बसायचे. आजूबाजूची कॉलेजातली पोरं त्यांना 'कंट्रोलर' म्हणायची. वहिनी गेल्यापासून अण्णा घरात फारसं बोलत नसत, हे मला मंगलनं सांगितलं होतं. "जे काय बोलायचं ते तिथं जाऊन बोलतात, सर. घरी आले की जेवतात नि झोपतात."

त्या उपांत्य सामन्याला अण्णा रंगात होते. पहिल्या सत्रात माझे दोन निर्णय लागोपाठ नाशिकच्या विरुद्ध गेले. ते बरोबर होते. अण्णांनी पुकारा केला, "नाशिक-डोळे-दवाखाना गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. पंचांनी कृपया बसून घ्यावे." हॉल हशानं फुटला. पोरांनी ते पाठ करून पुन्हा पुन्हा म्हटलं. एरवी मीही मनात हसलो असतो. पण त्या दिवशी राष्ट्रीय पॅनेलसाठी पंच निवडणारे समोर बसले होते, आणि तेही हसत होते. मला ते झोंबलं.

मग अण्णांनीच घोळ घातला. एका साध्या स्पर्शावर ते "रिव्ह्यू! रिव्ह्यू घ्या!" म्हणून ओरडले, मागून सगळी पोरं ओरडली, आणि नाशिकच्या कप्तानानं गोंधळून हात वर केला. रिव्ह्यू फुकट गेला. अण्णा तेव्हा कपाळावर हात मारून खाली बसले, हे मला दिसलं होतं.

शेवटची चढाई. नाशिक एका गुणानं मागं. चढाईपटूला चौघांनी धरलं आणि मध्यरेषेजवळ सगळे एकावर एक कोसळले. रेषेवर मी उभा होतो. मी शिट्टी वाजवली आणि त्याला बाद दिला. पण शिट्टी वाजण्याआधीच त्याची दोन बोटं रेषेपलीकडे टेकली होती. मी ती पाहिली. पाहिली आणि शिट्टी थांबली नाही, एवढंच खरं. टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढं चार जणांच्या पाठी होत्या, त्यात काही दिसणार नव्हतं. मुख्य पंचानं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. चूक तिथं झाली. शिट्टी चुकून गेली होती. मान मी स्वतः डोलावली.

सामना संपला. ओरडाआरडा, बाटल्या, सुरक्षा रक्षकांची धावपळ. त्या गडबडीत अण्णा कठडा ओलांडून मॅटपर्यंत आले. ते ओरडत नव्हते. मला वाटलं आता अहिराणी सुरू होणार. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हलकेच, जसा घरातल्या माणसाच्या ठेवतात, आणि म्हणाले, "मास्तर, मी रेष बघितलीच नाय. मी तुमच्याकडं बघत होतो. जा, सांगून या. अजून वेळ हाय."

मी घाबरून मागं सरकलो. माझी टाच मॅटच्या कडेत अडकली आणि मी उताणा पडलो.

लांबून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? म्हाताऱ्याचा हात, आणि पडलेला पंच. दोघा रक्षकांनी अण्णांना दंडाला धरून ओढलं. आयोजकांचा एक माणूस माझ्यावर वाकून विचारू लागला, "सर, यांनी ढकललं ना तुम्हाला?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत काळजी होती, मला लागलंय का याची.

मी म्हणालो, "हो."

अण्णांना लीगच्या सामन्यांना कायमची बंदी झाली. कुणीतरी काढलेला व्हिडिओ घरोघरी फिरला. 'नाशिकच्या म्हाताऱ्याची गुंडगिरी' असं काहीतरी त्यावर लिहिलेलं. ज्या स्टँडवर त्यांनी उभा जन्म काढला, तिथले लोक त्यांना विचारू लागले, "काय अण्णा, या वयात हाणामारी?" मला त्यानंतर राष्ट्रीय पॅनेलवर घेतलं. पंचावर हल्ला झाला तरी तो डगमगला नाही, असं माझ्याबद्दल बोललं गेलं.

संक्रांतीला अण्णा माझ्या घरी आले. एकटेच, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. माझ्या बायकोनं दार उघडलं आणि ती दचकली. तिनंही व्हिडिओ पाहिला होता. अण्णांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, माझ्या हातावर ठेवला.

"तिळगूळ घ्या," ते म्हणाले. "गोड नका बोलू मास्तर. नुसतं बोला."

बायको स्वयंपाकघरात गेल्यावर मी हळू आवाजात म्हणालो, "बोलतो, अण्णा. थोडा वेळ द्या."

"रेषेचं जाऊ द्या," ते म्हणाले. "सामना गेला, गेला. मी ढकललं नाय, एवढंच सांगा. मंगलच्या सासरचे बघतात ना माझ्याकडं. नातवंडांना विचारतात, आजोबांनी कुणाला मारलं म्हणून." मग स्वतःच हसल्यासारखं करून, "आणि ती जागापण मला परत पायजे. तिसरी रांग. दुसरीकडं मला जमत नाय."

मी म्हणालो, "नक्की." आणि मी कुणालाही काहीही सांगितलं नाही. आधी पॅनेलच्या नेमणुकीचं कारण होतं. मग आता इतक्या उशिरा सांगितलं तर लोक काय म्हणतील, हे कारण झालं. कारणं मिळत गेली.

पुढच्या हंगामात एका संध्याकाळी सामना आटोपून मी गाडीनं बाहेर पडत होतो. हॉलच्या कंपाउंडबाहेर, दुचाक्या लावतात तिथल्या कट्ट्यावर अण्णा बसले होते. आतला आवाज ऐकून कोण जिंकतंय ते ओळखायला ते रोज येतात, असं तिथला पार्किंगवाला कुणाला तरी सांगत होता. "आवाजावरून पंच कोण आहे तेपण सांगतात म्हातारबाबा." मी काच वर केली. अण्णांनी मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पाहिलं असावं. ते उठून उभे राहिले होते.

उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच. मला कळलं ते एका पंचमित्राच्या फोनवरून. दहाव्यानंतर मी मंगलकडे भेटायला गेलो. तिनं मला बसवलं, पाणी दिलं. भिंतीवर अण्णांचा नियंत्रकाच्या गणवेशातला फोटो होता.

"सर, तुम्ही आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. "मला तुम्हाला एक सांगायचंच होतं. अण्णांनी तुमच्या अंगावर जायला नको होतं. ते शेवटपर्यंत म्हणायचे, मी ढकललं नाही, मी ढकललं नाही. मी चिडायचे त्यांच्यावर. म्हणायचे, अण्णा, सगळ्यांनी बघितलंय, आता तरी कबूल करा. तुमच्या मते तर जगातला प्रत्येक पंचच चुकतो." तिनं फोटोकडे पाहिलं. "मग त्यांनी तो विषयच बंद केला. बोलणंच कमी केलं. त्यांच्या वतीनं मी माफी मागते, सर."

तिनं हात जोडले.

तेव्हा तरी बोलायचं. समोर फक्त ती होती. पॅनेलचं कुणी नव्हतं, कॅमेरा नव्हता. मी म्हणालो, "असू दे गं. मैदानात होतं असं." आणि तिची माफी घेऊन मी घरी आलो.

मी अजूनही पंच आहे. प्रेक्षक अजूनही ओरडतात. हल्ली शिव्या जास्त आणि विनोद कमी असतात. ओरडणाऱ्यांपैकी कोण बरोबर आणि कोण चूक, हे मला बहुतेक वेळा कळतं, आणि मी सरळ समोर बघतो.

हे मी लिहिलंय ते मंगलनं अजून वाचलेलं नाही. मी तिच्याकडे पुन्हा गेलेलो नाही. आहेर अण्णांची मुलगी आपला बाप खोटं बोलत गेला असं समजून जगते आहे, आणि तिला तिच्या घरी जाऊन, तिच्या मुलांसमोर, खोटं मी बोललो हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे.