रजिस्टरची स्वच्छ प्रत

बाळांनो, पुढच्या आठवड्यात वळ गावाच्या बाजूचा रस्ता काँक्रीटचा होणार आहे. मग खालचं डांबर कुणालाच दिसणार नाही, म्हणून आज लिहायला बसले. आजोबांना कामावरून का काढलं, हे तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी विषय बदलला होता.

त्या रस्त्यावर तुमचे आजोबा कंत्राटदाराचे सुपरवायझर होते. प्लांटवरून डांबर-खडीचा गरम माल डंपरने यायचा. प्रत्येक डंपरचं तापमान मोजून ते रजिस्टरमध्ये लिहायचे. अक्षर गिचमिड, पानांवर डांबराचे ठसे. मी शाळेत इंग्रजी शिकवलेली, मला तसली वही बघवायची नाही. दर रविवारी मी तिची स्वच्छ प्रत करून द्यायचे.

एका दिवसाचे तापमानाचे पाच रकाने कोरे होते. गोदामांच्या ट्रकांमुळे डंपर कोंडीत अडकले होते आणि मागून कंत्राटदार साहेबांचे सारखे फोन, त्यामुळे मोजायचं राहून गेलं, असं ते म्हणाले. कोरं कसं सोडायचं, मी विचारलं.

"घाल वरचेच आकडे," ते जेवता जेवता म्हणाले.

मी घातले. कच्ची वही रद्दीत दिली.

पावसाळ्यात तिथली खडी सुटली. एक दुचाकीवाला घसरून पडला, त्याचा पाय गेला. रोलर नीट फिरवला नाही, असा ठपका आजोबांवर आला. ते टेप घेऊन दिवसभर तो रस्ता मोजत हिंडले. खराब पट्टे पाचच निघाले, प्रत्येक साधारण एका डंपरच्या मालाएवढा लांब. मधला रस्ता टणक. माल वाटेतच थंड झाला होता, आणि थंड माल कितीही दाबला तरी बसत नाही. त्यांनी मशीनने दोन गोल नमुने कापून घेतले. पट्ट्यातला हातात घेताच भुगा झाला, शेजारचा अखंड राहिला.

चौकशीत साहेबांनी माझी प्रत पुढे केली. तिच्यात पाचही डंपर गरम होते, म्हणजे दोष रोलरचाच ठरला. अक्षर कुणाचं, असं विचारल्यावर आजोबा म्हणाले, घरचंच.

संध्याकाळी चपला काढता काढता ते एवढंच बोलले, "फार सुंदर लिहिलंयस गं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता.

रद्दीवाल्याकडे मी तीनदा गेले. त्याची रद्दी केव्हाच कागदाच्या गिरणीत गेली होती. ते आकडे मी भरले, असं दोन पानी पत्र चौकशीवाल्यांना लिहिलं. बायको नवऱ्यासाठी काहीही लिहील, असं त्यांनी आजोबांनाच ऐकवलं, आणि नोकरी गेली ती गेलीच. पुढे आजोबा त्या रस्त्याने कधी गेले नाहीत. बाजारालासुद्धा दापोड्याकडून वळसा घालून जायचे, अगदी शेवटपर्यंत.

तो भुगा स्टीलच्या डब्यात आहे. अखंड नमुना त्याच्या शेजारी, माझ्या कपाटाच्या खालच्या फळीवर.