खिंडीपलीकडचा फोन

बुर्गल फाल्कनर आणि तिचा धाकटा भाऊ कासियान यांच्यामध्ये एक खिंड होती आणि तीन वर्षांचा अबोला होता. खिंड पाच-सहा तासांत ओलांडता येते. अबोल्याचं तसं नसतं.

खिंडीच्या अलीकडचं, डोंगर चढणाऱ्यांच्या मुक्कामाचं डोंगरघर बुर्गलचं, पलीकडचं कासियानचं. म्हणजे मालकी गिर्यारोहक संघाची. चूल, चाव्या आणि कटकटी तेवढ्या यांच्या. टायरोलच्या त्या डोंगरांत बुर्गलने सव्वीस उन्हाळे काढले. जूनमध्ये वर चढायची, ऑक्टोबरात खाली उतरायची. लग्न केलं नाही. ‘चार महिने ढगात बसणारी बायको कुणाला हवी, आणि आठ महिने घरात बसणारा नवरा मला कशाला हवा,’ असं स्वतःच सांगायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. नव्या कोऱ्या बुटांनी फोड आणून आलेल्या पाहुण्याला ती आधी यथेच्छ बोलायची आणि मग खाली बसून त्याच्या टाचेला पट्टी बांधायची.

अशा घरांना जोडणारी ती पायवाट सहा दिवसांची. रोज एका घरातून निघायचं, संध्याकाळी पुढच्या घरी पोचायचं. बरोबर वाटाड्या नसतो. दगडांवरचे लाल-पांढरे पट्टे बघत माणसं आपली आपण चालतात. म्हणून दर संध्याकाळी सहाला शेजारची घरं एकमेकांना फोन करतात. उद्या किती येणार, मांस न खाणारे किती, आणि वाट कशी आहे. दरड कोसळली, ओढा फुगला, धरून चालायला कड्याला ठोकलेली लोखंडी तार सुटली, जे असेल ते सांगायचं. पलीकडून काहीच कळलं नाही, तर वाट मोकळी. तिथली ही जुनी रीत आहे आणि तिच्यावर कुणी कधी शंका घेतली नाही.

अबोल्याचं कारण म्हणजे वडिलांचं मरण. ऑगस्टमध्ये म्हातारा दरीतल्या घरी अंथरुणाला खिळला. बुर्गलचं डोंगरघर पाहुण्यांनी भरलेलं. ‘उद्या उतरते’ म्हणाली, आणि तो उद्या एक दिवस उशिरा निघाला. कबरीपाशी, सगळ्या गावासमोर कासियान म्हणाला, “झालं का सगळ्यांना सूप वाढून?” एरवी कुणाचं ऐकून न घेणारी बुर्गल गप्प राहिली. खोटं असतं तर तिने दोन शब्द सुनावलेही असते. त्यानंतर दर वर्षी वडिलांच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या स्मरणप्रार्थनेला, कासियानचं कुटुंब पुढच्या बाकावर बसायचं आणि बुर्गल शेवटच्या, दाराजवळच्या.

सहाचा फोन मात्र चुकवून चालत नाही. तो डोल्मा करायची. डोल्मा नेपाळहून उन्हाळ्यापुरती कामाला यायची, आणि आता तिथली बोली अशी बोलायची की दरीतले म्हातारेही हसायचे.

“विचार तुझ्या त्या कासियानला, उद्या किती येणार.”

“माझा कसला? भाऊ तुझा.”

“बोलतेस तू त्याच्याशी. म्हणजे तुझाच.”

त्या गुरुवारी डोल्माची दाढ ठणकत होती म्हणून ती सकाळीच दरीत उतरली होती. दुपारी साडेचारला फोन वाजला. बुर्गल सुपात सोडायच्या पावाच्या गोळ्यांसाठी शिळा पाव चिरत होती. तिने नंबर पाहिला. सहाची वेळ नव्हती, म्हणजे कामाचा फोन नाही. रविवारी मिस्सा होती. ‘यंदा तरी वेळेवर येणार का’ असं काहीतरी टोचायचं असेल, असं तिने ठरवून टाकलं. फोन वाजून वाजून थांबला.

सहाला तो पुन्हा वाजला. आता वेळ कामाची होती. बुर्गल ॲप्रनला हात पुसत फोनपाशी जाऊन उभी राहिली. उचलायला हात पुढेही गेला होता. पण मागे जेवणघर भरलेलं, पाहुणे ताटं वाजवत होते, आणि त्याचा आवाज कानात पडला तर आपल्याच डोळ्यांत पाणी येईल याची तिला भीती वाटली. आकडाच सांगायचा असेल, उद्या डोल्मा घेईल, असं म्हणून ती सूप वाढायला वळली.

पाहुण्यांत रोझविथा नावाची बाई होती. वय एकाहत्तर, लिंत्सहून आलेली, एकटी. पूर्वी हीच वाट नवऱ्याबरोबर चालली होती. हजार मीटरच्या वर ‘अहो-जाहो’ कुणी करत नाही, त्यामुळे दोघी पहिल्याच घोटाला मैत्रिणी झाल्या. रोझविथाने ताटातला शेवटचा थेंब पावाच्या तुकड्याने पुसून खाल्ला, आणि बुर्गलला ती आवडली.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला ती दारात बुटांच्या नाड्या आवळत होती.

“बुर्गल, खिंडीपलीकडची घळ कशी आहे गं? तिथे तार आहे ना?”

“आहे.”

“वाट मोकळी आहे ना? नक्की?”

“मोकळी आहे. काही असतं तर पलीकडून कळलं असतं.”

हे बोलताना तिला कालचा फोन आठवला. नाही असं नाही. पण तोपर्यंत दुसरा पाहुणा कॉफी मागत होता, आणि रोझविथा काठ्या टेकत निघालीसुद्धा.

साडेनऊला डोल्मा वर आली. गाल सुजलेला, अंगात दोन कोट. पाठीवरची पिशवी उतरवता उतरवताच तिने विचारलं, “खिंडीकडे कुणाला पाठवलं नाहीस ना?”

“का?”

“काल पाचच्या सुमाराला घळीत दरड आली. मधली तार गेली सगळी. खाली गावात सगळे तेच बोलतायत. कासियानने घरोघरी फोन केले. तुला नाही केला?”

 बुर्गलने रोझविथाला फोन लावला. तिकडे रेंज नसते हे तिला ठाऊक होतं तरी लावला. मग तीन वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःच्या बोटांनी भावाच्या घरचा नंबर फिरवला. फोन त्याची बायको झिटा हिने घेतला.

“कोण? बुर्गल?”

“कासियानला दे.”

“तो आठलाच वर गेला. वाट बंदचा फलक लावायला. का गं, काय झालं?”

“माझ्याकडून एक बाई निघालीय. म्हातारी आहे. बचाव पथकाला कळव,” बुर्गल म्हणाली आणि कुलूप, चूल, पाहुणे सगळं डोल्मावर टाकून निघाली.

खिंडीपर्यंतची चढण तीन तासांची. ती दोन तासांत चढली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. वर धुकं होतं. ती हाका मारत होती आणि प्रत्येक हाकेनंतर थांबून ऐकत होती. ‘देवा, तिला खिंडीतच दम लागू दे, तिला कंटाळा येऊ दे, ती परत फिरू दे,’ एवढंच तिच्या मनात चाललं होतं. वाटेत परत येणारं कुणी भेटलं नाही. खिंडीत पोचली तेव्हा धुकं विरत होतं आणि हेलिकॉप्टर पथकाच्या माणसांना उतरवून घिरट्या घालत होतं.

बुर्गल तशीच पलीकडे घळीपर्यंत उतरली. रोझविथा जिवंत होती. तार संपली तिथे ती थबकली होती. पण वाट मोकळी आहे म्हटल्यावर तार पुढे असेलच, असं समजून तिने पाऊल टाकलं. वीस-पंचवीस फूट घसरली. मांडीचं हाड मोडलं होतं, खांदाही निखळला होता. फलक घेऊन आलेल्या कासियानलाच ती आधी सापडली. त्याने स्वतःचं जाकीट तिच्या अंगावर घातलं होतं आणि तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

पथकातला अंब्रोस गावचाच. तो कागद काढून लिहीत होता. “हिला वाट बंद असल्याचं कळवलं होतं का?”

कासियानने वर पाहिलं. बुर्गल दहा पावलांवर धापा टाकत उभी होती. त्याने एका नजरेत सगळं ओळखलं.

“बुर्गलने सांगितलं होतं,” तो म्हणाला. “ती सगळ्यांना सांगते. चालणारे ऐकतात कुठे?”

तीन वर्षांत भावाच्या तोंडून तिने स्वतःचं नाव ऐकलं नव्हतं. आज ऐकलं, तेही तिला वाचवण्यासाठी.  गप्प राहणं किती सोपं होतं.

“मला सांगितलं होतं?” रोझविथाने डोळे उघडले. “सकाळी? मला तर मोकळी म्हणाल्याचं आठवतंय.” ती अंब्रोसकडे बघत राहिली. “म्हणजे मुलगी म्हणते ते खरंच असेल. वसंतात दोनदा दूध चुलीवर ठेवून विसरले मी. आई, आता एकटी राहू नकोस, म्हणते ती. मी म्हटलं, एकदा ही वाट चालून दाखवते, मग बोल.” तिचा आवाज फाटला. “इतकं महत्त्वाचं सांगितलेलं मी विसरले?”

पाय मोडलेला होता आणि ती रडत होती ती या गोष्टीसाठी.

बुर्गल पुढे आली आणि दगडांत गुडघे टेकून बसली. “अंब्रोस, खोड ते. मी मोकळी म्हणाले. हिने ‘नक्की?’ असंही विचारलं, तरी मी तेच सांगितलं. कासियानचा फोन आला होता. नंबर बघून मी उचलला नाही. रोझविथा, तू काही विसरली नाहीस. तू अगदी नीट ऐकलंस.”

रोझविथाने डोळे मिटले. “म्हणजे डोकं शाबूत आहे,” ती पुटपुटली. “पाय काय, बसेल.” तिने बुर्गलचा हात धरला. तिने थोबाडीत मारली असती तर बुर्गलला बरं वाटलं असतं.

स्ट्रेचर उचललं गेलं. कासियान उठून उभा राहिला.

“संघ घर काढून घेईल तुझ्याकडून,” तो म्हणाला. “मी सांभाळून घेत होतो ना.”

“कळलं मला.”

अंब्रोसने खोडून नवीन ओळ सुरू केली होती. त्याला बुर्गलकडे बघवत नव्हतं. “फोन किती वाजता आला, ते लिहावं लागेल.”

“दोनदा आला. पहिला साडेचारला, दुसरा सहाला.”

“साडेचारचा लिहू नकोस,” कासियान म्हणाला. “तेव्हा दरड पडलीच नव्हती.” तो तिच्याकडे न बघता फलक उचलायला वाकला. “रविवारी बाबांच्या मिस्सेला पुढच्या बाकावर आमच्यात येऊन बसशील का, ते विचारायचं होतं.”