किल्लेदाराची बाजू

आमच्या नगर जिल्ह्यात माणूस मेला की त्याचे अवगुण दहाव्या दिवसापर्यंत आपोआप गळून पडतात. दशक्रियेला नदीकाठी मंडप पडतो, माइक लागतो, आणि ज्यानं उभ्या जन्मात शेजाऱ्याला बांधावरून धड चालू दिलं नाही तो एका सकाळीत मनमिळाऊ होऊन जातो. श्रद्धांजलीच्या या भाषणांत माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. हे मी सांगत नाही, कावळ्यांना विचारा. मी बोलायला उभा राहिलो की ते पिंडाला शिवायचं सोडून फांदीवर ऐकत बसतात आणि गुरुजी मला डोळ्यानं खुणावतात की आता आवरा. एकदा तर मी चुकून भलत्याच मंडपात शिरलो आणि ओळख ना पाळख अशा गृहस्थावर असा काही बोललो, की त्याची बायको पदरानं डोळे पुसत शेजारणीला विचारायला लागली, हे कोणाबद्दल चाललंय.

याच गुणानं माझा घात केला, तोही नाटकात.

पोटापाण्यासाठी मी नागापूरच्या एमआयडीसीत लेथ मशीन चालवतो. आमच्या कारखान्यातली हौशी मंडळी दरवर्षी कामगारांच्या स्पर्धेत नाटक करतात. आमचं नाटक बसवतात त्या बाई निवृत्त प्राध्यापक. अंगानं चिमणीएवढ्या, पण त्यांनी तालमीत ‘थांबा’ म्हटलं की पलीकडच्या शेडमधली पॉवर प्रेससुद्धा थांबते. या वर्षी त्यांनी एक जुनी शोकांतिका काढली. एका गडावर किल्लेदार असतो. गनीम जवळ आलेला, म्हणून त्यानं शब्द दिलाय की दिवस मावळला की दरवाजा कोणासाठीही उघडणार नाही. नेमका त्याचाच पोरगा जखमी होऊन मावळतीनंतर दाराशी येतो. हाका मारतो. बाप आत उभा राहतो, उघडत नाही. सकाळी दार उघडतात तेव्हा पोरगा गेलेला असतो, आणि तिसऱ्या अंकात बापही बुरुजावरून उडी टाकतो.

मला तो किल्लेदार हवा होता. म्हणजे किती हवा होता? इतकी वर्षं मी मशालजी झालो, दुसरा शिपाई झालो, रणांगणावरचं प्रेत झालो आणि एका बालनाट्यात वडाचं झाड झालो. प्रेताच्या कामाला मला उत्तेजनार्थ बक्षीसही होतं. पण बोलता येतं अशा माणसाला गप्प उभं करणं म्हणजे काय यातना, हे त्या वडालाच ठाऊक. नाटक ठरलं त्याच दिवशी मी मिशा सोडल्या, आणि त्या इतक्या जोमानं वाढल्या की शिफ्टच्या साहेबांनी सेफ्टीचं कारण काढून मला मशीनपासून चार पावलं लांब उभं राहायला लावलं.

बाईंची एक अट होती. ज्याला बाप करायचाय त्यानं आधी कॅन्टीनमध्ये तालमीला जमलेल्या सगळ्यांसमोर उभं राहून त्या बापाच्या स्वभावाची चिरफाड करायची. मी उठलो. उठताना हात आपसूक जोडले गेले. ते बघून बाकीच्यांनी टोप्या काढल्या.

“कैलासवासी किल्लेदारसाहेब,” मी सुरू केलं, “हे अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू आणि शब्दाला जागणारं व्यक्तिमत्त्व होतं. त्यांच्या जाण्यानं गडावर कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.” पुढचा पाऊण तास मी त्या माणसाला असा काही वर चढवला की तो बुरुजावरून पडण्याच्या पलीकडे गेला. शेवटी दोन मिनिटं शांतता पाळू या म्हणालो. सगळं कॅन्टीन उभं राहिलं. बाईही उभ्या राहिल्या, पण त्या बहुधा धक्क्यानं.

मग त्यांनी विचारलं, ज्यानं पोटच्या पोराला दाराबाहेर मरू दिलं तो मनमिळाऊ कसा? मी म्हणालो, बाई, गेलेल्या माणसाला नावं कशी ठेवायची? बाकीची मंडळी माझ्या बाजूनं कुजबुजली. बाई म्हणाल्या, अरे तो नाटकातला आहे, तो प्रत्येक प्रयोगाला मरतो. त्यावर वेल्डिंगवाला म्हणाला, मग प्रत्येक प्रयोगाला श्रद्धांजली पाहिजे.

बाईंनी चष्मा काढला. “मला हार नको, माणूस हवाय. त्यानं दार का नाही उघडलं ते रविवारी येऊन सांग. नाही सांगता आलं, तर मशाल तुझी.”

पुन्हा मशाल. माझ्या मिशा जागच्या जागी गळाल्या.

शनिवारी मी गाठलं आमचं गाव, सोनईच्या थोडं पुढं. म्हटलं, बाप समजून घ्यायचा तर आपला आहेच की हाताशी. माझे आबा म्हणजे असा माणूस, की मी समोर बसून जेवत असलो तरी ते आईला म्हणणार, त्याला सांग भाकरी घे. मग आई मला सांगणार, मी आईला नको सांगणार, आणि आई ते दोन हातांवर बसलेल्या आबांना पोचवणार. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे ही बातमी मला आईकडूनच कळलेली आहे.

अशा माणसाला मी अंगणात बसून सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, किल्लेदाराचं काय चुकलं? आबांनी आधी चौकशी केली की हा किल्लेदार कुठला, जमीन किती, पाहुणे कोणते. मी म्हणालो, नाटकातला आहे. ते म्हणाले, असला म्हणून काय झालं, त्याच्या माघारी त्याला बोल लावणाऱ्या ह्या बाई कोण? गावात कोणावर अन्याय होत असला की आबा धुतलेली टोपी घालून पंचात बसायला जातात. तसे ते रविवारी सकाळी धुतलेली टोपी घालून माझ्या मोटरसायकलवर मागं बसले.

कॅन्टीनमध्ये शिरल्यावर त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि मी तोंड उघडायच्या आत किल्लेदाराची बाजू मांडायला घेतली.

“बाई, ह्या मानसाची चूक काय? दिस बुडाला की दार लावायचं ठरलं हुतं. पोराला ठावं हुतं. मग पोरानं टायमात यावं.”

“आबा, पण पोरगा जखमी होता,” बाई म्हणाल्या.

“मग दुपारचं जखमी व्हायाचं.”

कॅन्टीन हसलं, बाई हसल्या नाहीत. त्या आबांभोवती एक चक्कर मारून आल्या, बैलबाजारात मारतात तशी. आबांचा ताठ कणा बघितला, दाबलेले ओठ बघितले, आणि मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या की किल्लेदार तर हाच आहे. मी हसायला गेलो. त्यांनी विचारलं, आबा, काम कराल का? आबा म्हणाले, बोलायचं किती? बाई म्हणाल्या, दाराच्या प्रसंगात एक शब्दही नाही, नुसतं उभं राहायचं आणि उघडायचं नाही. आबा म्हणाले, हां, हे जमंल.

सख्ख्या बापानं माझा रोल नेला. वारसाहक्क उलटा वाहिलेला मी तरी दुसरा बघितला नाही.

लगेच परीक्षा ठरली. पॅकिंगच्या फळ्यांचा दरवाजा, त्याला आतून आडवा अडसर. आबा आत, मी बाहेर जखमी पोरगा. मी मनाशी म्हटलं, गड्या, हा म्हातारा उघडेल तरच रोल तुझा. मग मी काहीही बाकी ठेवलं नाही. आधी नाटकातल्या हाका मारल्या. आतून काही नाही. मग नाटकातलं सोडलं आणि घरचं काढलं. “आबा, लई लागलंय ओ.” काही नाही. खोकलो. असा खोकलो की शेजारच्या कंपनीचा वॉचमन पाण्याची बाटली घेऊन आला. “आबा, सकाळपून पोटात काय न्हाई.” हे निखालस खोटं होतं, वाटेत आम्ही दोघांनी मिसळ हाणली होती आणि ती त्यांनीच मागवली होती.

फळ्यांच्या फटीतून मी आत बघितलं. आबांनी तोंड दारावरून फिरवलं होतं. एक हात अडसरावर होता. डावीकडं बघत होते, उजवीकडं बघत होते. घरी आई उभी असते त्या अंगाला तर दोनदा बघितलं. तिथं आमचा वेल्डिंगवाला उभा होता, त्यानं उगाच मान डोलावली. आबांचा हात मात्र हलला नाही.

मला तर मशाल दिसायला लागली. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते कुठल्याही शोकांतिकेत आजवर कोणी म्हटलेलं नसेल.

“आबा, म्हैस सुटली.”

अडसर उडाला तो थेट चहाच्या पातेल्यात. दरवाजाची एक फळी माझ्या कानाजवळून गेली. आबा बाहेर, एका पायात चप्पल, टोपी तिरपी, आणि विचारतायत, “कुन्या अंगाला गेली?”

मग जे हसणं सुरू झालं ते पुढची शिफ्ट आली तरी थांबेना. घोडेगावच्या म्हशींच्या बाजाराच्या अलीकडं एक म्हैस नाही, हे कारखान्यातलं पोरसोर जाणतं. बाई टेबलाला धरून हसल्या, खाली बसून हसल्या, आणि डोळे पुसत म्हणाल्या की पोरासाठी न उघडणारा आणि म्हशीसाठी उघडणारा किल्लेदार मला नको. रोल माझा झाला. मी अख्ख्या कॅन्टीनला वडापाव सांगितले. आबा एका कोपऱ्यात बसून चप्पल शोधून आणणाऱ्याकडं बघत होते आणि जो येईल तो त्यांना म्हशीची तब्येत विचारत होता. ते सगळ्यांना, बरी हाय, म्हणत होते.

परतीला घोडेगाव मागं पडलं तरी ते काही बोलले नाहीत. आई बरोबर नव्हती, त्यामुळे बोलणार तरी कोणामार्फत. सोनईचा फाटा आला तेव्हा माझ्या पाठीमागून आवाज आला.

“नागापुरात म्हैस न्हाई, येवढं मला कळतं.”

मी गाडीचा वेग कमी केला. पुढं काही येईल म्हणून आरशात बघितलं. ते उसाकडं बघत होते.

“बाईला सांगू नको,” म्हणाले.

पुढच्या तालमीला बाईंनी परत उभं केलं. म्हणाल्या, रोल मिळाला, चिरफाड राहिली आहे. या खेपेला मी हात जोडले नाहीत. मी म्हणालो, बाई, त्याला उघडायचंच होतं. हात अडसरावरच होता. फक्त पोराच्या मायेनं उघडलं असं कोणी म्हणायला नको होतं. असल्या माणसांना उघडायला दुसरं काहीतरी निमित्त लागतं. त्या संध्याकाळी गडावर एखादी म्हैस सुटली असती ना, तर हे नाटक दुसऱ्या अंकात आटपून सगळे वेळेत घरी जेवायला गेले असते.

कॅन्टीन हसलं. बाईंनी या वेळीही चष्मा काढला. म्हणाल्या, हेच कर.

म्हणून स्पर्धेच्या दिवशी पोरगा बाहेरून हाका मारत होता तेव्हा मी अडसरावर हात ठेवला आणि गड धुंडाळायला लागलो. बुरुज बघितले, पागा बघितली, विंगेत बघितलं, वर लाइटवाल्याकडं बघितलं. एखादं शेपूट, एखादं शिंग, काहीही चाललं असतं. पहिल्या रांगेतल्या परीक्षकाला वाटलं मी वाक्य विसरलो, आणि आत प्रॉम्प्टरनं घाबरून तिसऱ्या अंकातलं वाचायला सुरुवात केली. मी मात्र शेवटपर्यंत शोधत राहिलो.