अर्धं पारायण

सांगलीच्या दवाखान्यात, आयसीयूच्या दाराबाहेर, म्हसवडकडची एक बाई रोज पोथी वाचत बसायची. आत तिचा नवरा होता आणि माझे वडील. ओळीखालून तिचं बोट सरकायचं. शेवटचा अध्याय आला, की ती पोथी कपाळाला लावायची आणि पुन्हा पहिलं पान उघडायची.

"मावशी, शेवटचा अध्याय का सोडता?" मी एकदा विचारलं.

दाराकडं बघत ती कुजबुजली, "पारायण अर्धं असताना देव घरातलं माणूस न्हेत न्हाई, पोरी. म्हणून मी संपवतच न्हाई."

मला हसू येणार होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. तिनं कुणाचंही नाव घ्यायच्या आत मी मावशीचा हात घट्ट धरला.

"मावशी, वाचा. मोठ्यानं वाचा."