पाय मोडलेला ळ

"वाचणार कोन हाय, ते आदी सांगा."

मालकांची रीत ठरलेली: मोबाइल टेबलावर पालथा घालायचा, दोन बोटांनी कपाळावरची विभूती चाचपायची आणि हा प्रश्न टाकायचा. लग्नपत्रिका छापायला निघालेल्या शेजाऱ्याला हाच प्रश्न, फ्लेक्सवाल्याला हाच. आमच्या समितीचं पत्रक मी त्यांच्या हातात दिलं तेव्हा मलाही हाच.

"सगळी जनता," मी म्हटलं.

"सगळी जनता कवाच काय वाचत न्हाय, ताई. एक मानूस वाचतोय. त्याचं तोंड डोळ्यापुडं आना, मग लिवा."

मला राग आला. हद्दवाढ भागात गटारं नाहीत, रस्ते नाहीत, पाण्याची लाइन नाही, आणि घरपट्टी मात्र वेळेवर येते. त्यावर मी पत्रकं लिहिते. ज्यांनी ही उजाड रानं प्लॉट म्हणून विकली, त्यांच्यातलाच एक एजंट मला लिहायला शिकवत होता.

सोलापुरात मालक कुणालाही म्हणतात. रिक्षावाला मालक, पानवाला मालक, समोरून येणारा अनोळखी माणूसही मालक. यांना मालक म्हणण्यात गंमत एवढीच, की आयुष्यभर जमिनी विकलेल्या या माणसाच्या नावावर जुन्या स्कूटरखेरीज काही नव्हतं. विजापूर रोडला एक गाळा, तोही भाड्याचा. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. भाव मराठीत सांगायचे आणि खरं काय ते फोनवर शेतकऱ्याशी कन्नडमध्ये बोलायचे. समोरचं गिऱ्हाईक पुतळ्यासारखं बसलेलं असायचं. तुम्हीही असे एजंट पाहिले असतील. तुमच्यासमोर तुमच्याबद्दल बोलतात आणि तुम्ही चहा पीत असता.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने त्यांना ब्लॉग काढून दिला. मग ते शुद्धलेखन तपासून घ्यायला माझ्याकडे येऊ लागले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरगी म्हनती, आदी ठरवा कुणासाठी लिवायचं. मी म्हनलं, हे तर मी जगाला सांगतोय की!"

"मग कुणासाठी?"

त्यांनी बोटं दुमडली. रिटायर होणारे मास्तर. पण ते प्लॉट कमी बघतात आणि कागद जास्त. मंद्रूपकडचे शेतकरी, ते विकणारे, त्यांना ब्लॉग कशाला? पूर्व भागातली विणकरांची घरं; "ती मानसं मोबाइलवर गाणी ऐकतेत, ताई, प्लॉटचं कुटं वाचतेत?" शेवटचं बोट राहिलं. ते त्यांनी धरून ठेवलं.

"पुन्यात गेलेला आपला मानूस. त्यो हितं येत न्हाय, फोटो बघतोय. त्याला वास नको, वाट नको. आपलं गाव हाय, एवडं वाटलं की झालं."

"म्हणजे न बघणाऱ्याला विकायचं."

"वाचणाऱ्याला लिवायचं," ते म्हणाले. "तुमी लगेच घोषणाच देता."

खरं सांगते, ते लिहायचे छान. कारखान्याच्या गच्चीवर वाळणारे टॉवेल, उन्हात तापलेल्या स्कूटरच्या सीटवर आधी पाणी मारणारी माणसं, कडक भाकरी मोडताना होणारा आवाज. त्यावर पुण्याहून एकाने लिहिलं, की आवाज ऐकू आला आणि डोळ्यांत पाणी आलं. मालकांनी ती ओळ मला चार वेळा वाचून दाखवली. पाचव्यांदा म्हणाले, "बघा. ह्यो रडतोय. आता ह्याला प्लॉट दावायचा."

मग हळद बाग आली.

दक्षिणेकडच्या एका गावाचं रान. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथे आता माणसं राहतात. रान घेणाऱ्या शेठचं नावही लिहीत नाही, कारण पुढे वाचाल. शेठची जाहिरातवाली मंडळी पुण्याची. शेतकरी त्या रानाला पिढ्यान्‌पिढ्या ज्या नावाने ओळखत आले, ते या मंडळींनी ऐकलं आणि उड्या मारल्या. हळद! शुभ! प्लॉटच्या स्कीमचं नाव ठरलं हळद बाग आणि सगळं पिवळं झालं. पिवळ्या कमानी, पिवळे झेंडे, प्लॉटच्या हद्दीचे दगडसुद्धा पिवळे. बायकांना बोलावून तिथेच हळदी-कुंकू केलं आणि प्रत्येकीच्या हातात ओटीतल्यासारखं हळकुंड ठेवलं. मालकांनी ब्लॉगवर लिहिलं, 'हळदीचं रान'. आजवरचं त्यांचं सगळ्यांत सुंदर लिखाण. त्यातल्या वेलांट्या मी दुरुस्त केल्या.

जागा बघायला मी त्यांच्या स्कूटरवरून गेले. उन्हाळा होता. काळी जमीन हात जाईल एवढी भेगाळलेली. कडेला बाभळी होत्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. त्यांच्या फांद्यांत माझ्या छातीच्या उंचीला वाळलेलं गवत, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. सगळ्या झाडांवर एकाच उंचीला, कुणी दोरी धरून लावल्यासारख्या.

"मालक, हे इथे कुणी वाळत घातलं?"

"वाऱ्यानं आलं," ते म्हणाले, आणि झेंडे मोजत असल्यासारखे तिकडे बघत राहिले.

शेळ्या राखणारी एक म्हातारी बांधावरून ओरडली, "हळ्ळद होलदाग मनी कट्तीरेन?"

मालकांनी तिच्याकडे न बघता हात हलवला.

"काय म्हणते?"

"हळदीच्या रानात घर बांधता का, म्हनती."

म्हातारी हसत होती. ते हसणं मला आवडलं नाही. पण मला कन्नड येत नाही, आणि रान कोरडं ठणठणीत होतं.

आता अक्का. पूर्व भागात आमच्या शेजारच्या खोलीत राहते. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. टॉवेलच्या कडा शिवते. नवरा कामाला होता तो यंत्रमाग कारखाना बंद पडला तेव्हा हिशेबाचे जे पैसे हाती आले, ते या दोघांनी हात न लावता ठेवलेले. घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती. एका संध्याकाळी अक्का माझ्या दारात हळकुंड घेऊन उभी राहिली.

"अम्मा, जागा बगितली. हळदीची हाय म्हने. लक्ष्मी हाय. आमच्या ह्यांनी व्हय म्हनलं, आता तू ये संगट, बोलायला."

मीच तिला गाळ्यावर नेलं. मालकांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. अक्का पदर सावरून म्हणाली, "तुमचं सगळं वाचती माझी पोरगी. रोज एक. मी कडा शिवत ऐकते. ते भाकरीचं तर दोनदा वाचाय लावलं."

मालकांचा हात मोबाइलवर होता, तिथेच राहिला.

"तुमी वाचता?"

"पोरगी वाचती, मी ऐकते."

"अक्का, ते तुमच्यासाठी लिवलं न्हवतं."

अक्काला कळेना. "मराठीत लिवलंय की. मग कुणासाठी लिवलं?"

मोबाइल पालथा झाला. विभूतीकडे हात गेला, पण टेकला नाही. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, चहाच्या बिलाच्या पाठीमागे हळद लिहिलं, आणि ळ च्या आधी आणखी एक ळ घातला. त्या ळ चा पाय मोडला.

"हळ्ळ," ते म्हणाले. "कन्नडात हळ्ळ म्हंजे ओढा. हळ्ळद होल म्हंजे ओढ्याचं रान. हळद-बिळद काय न्हाय, अक्का. लई पाऊस झाला की बाभळीवरच्या त्या चिंध्यांपतुर पानी येतंय. त्येनी वर माती टाकली, म्हनून पानी वाट इसरत न्हाय. तितं घर बांधू नगा."

मी उभी राहिले. "आणि त्या पुण्यावाल्यांना बुडवलेलं चालतं?"

"त्यो तितं ऱ्हायला येत न्हाय, ताई. प्लॉट बुडतोय, मानूस न्हाय. मी असंच मनाला सांगितलं." त्यांनी अक्काकडे पाहिलं. "आन ह्या तितं निजनार."

तेव्हा मी त्यांना काय काय बोलले, ते छापता येणार नाही. त्यांनी सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, "झालं? आता लिवून घ्या."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. शुद्धलेखन सुधारू दिलं नाही. सुरुवात अशी होती: 'हे वाचणार कोन, तर जो तितं झोपनार त्यो.' पुढे तो एक शब्द, त्याचा अर्थ, बाभळींचा फोटो. फोटोतल्या चिंध्यांवर त्यांनी लाल रेघ मारली होती. बस. भाकरी नाही, टॉवेल नाही. खाली त्यांचं नाव आणि गाळ्याचा पत्ता.

"पत्ता कशाला?" मी विचारलं.

"आजवर गोड लिवलं तवा पत्ता घातला. आता कसा काढू?"

पूर्व भागात ते लिखाण मोबाइलवरून मोबाइलवर फिरलं. गाणी ऐकणाऱ्या माणसांनीच ते फिरवलं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यासमोर पांढरी गाडी उभी राहिली. काचा वर, इंजिन चालू. कुणी उतरलं नाही. संध्याकाळी गेली, सकाळी परत आली. चहावाल्याने त्यांच्याकडे चहा पाठवणं बंद केलं, विचारलं तर म्हणाला, "दूध संपलंय, मालक." दूध समोर उकळत होतं.

मग एका सकाळी शटरवर हळदीचे ओले पंजे उमटलेले. मालकांनी रुमालाने पुसायला घेतलं. "माझं लगीन ठरलं वाटतं पुन्यांदा," म्हणाले. हसणारी मी एकटीच होते, आणि मीही नीट हसले नाही. त्यानंतर स्कूटरच्या सीटवर हळद. त्यानंतर मुलीचा पुण्याहून फोन: तिच्या दाराला कुणीतरी पिवळ्या दोऱ्याने हळकुंड बांधून गेलं होतं. आमच्याकडे हळकुंड असं बांधतात ते लग्नात, नाहीतर पूजेला.

आम्ही पोलिसांत तक्रार घेऊन गेलो. तक्रार घेतली नाही, अर्ज घेतला. साहेब म्हणाले, "हळद लावणं गुन्ह्यात बसत नाही." हे वाक्य मी पत्रकात जसंच्या तसं छापलं.

"लिखाण काढून टाका," मुलगी फोनवर रडत होती. मालक मला म्हणाले, "पोरगीबी वाचणारीच की, ताई. तिचं तोंड डोळ्यापुडं येतंय." पण काढलं नाही. बिलामागचा तो शब्द त्यांनी काचेखाली ठेवला होता, त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ळ चा पाय मी मोडला. माझा त्ये मोडतील. फिट्टमफाट."

आणि मोडला. होटगी रोडला भरदिवसा स्कूटरला मागून गाडी लागली. गाडी कोणती, कुणाला दिसलं नाही. कागदावर अपघात आहे. दवाखान्यात मी गेले तेव्हा पाय वर टांगलेला, विभूती पुसलेली. कपाळ इतकं मोकळं, की क्षणभर दुसऱ्याच माणसाच्या खाटेशी आले असं वाटलं.

"अक्कांनी जागा घेतली का?" एवढंच विचारलं.

"नाही घेतली."

"बाकीच्यांनी?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. घेतली होती. कितीतरी जणांनी घेतली होती. स्वस्त केली होती ना आता.

मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. ब्लॉग उघडला तर पान सापडत नाही, असं येतं. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी फोन करते. सकाळी केला तर मुलगी म्हणते, "बाबा झोपलेत." संध्याकाळी केला तरी, "बाबा झोपलेत." मागून कुणीतरी कन्नडमध्ये काही बोलतं, आणि फोन बंद होतो.

परवा मी हळद बागेत गेले. पाया भरलेली घरं, पत्र्याची घरं, एका घरावर तोरणसुद्धा. आमच्याच गल्लीतल्या दोघी तिथे राहायला गेल्यात, मी पत्रक दिलं तर म्हणाल्या, "आता कुटं जायाचं, अम्मा?" कडेच्या बाभळी तोडल्यात. चिंध्या कुठवर होत्या ते दाखवायला आता झाडच नाही.

कमानीवर मात्र गंमत झाली आहे. कुणीतरी रात्रीतून काळ्या रंगाने हळद मधल्या ळ च्या आधी आणखी एक ळ घुसवला आहे. वाकडा, घाईतला, पाय मोडलेला. शेठच्या माणसांनी त्यावर पिवळा रंग मारला. पण स्वस्तातला रंग, एक सर आली की धुऊन जातो आणि काळा ळ खालून वर येतो. अक्काच्या पोरीच्या नखांत बरेच दिवस काळा रंग होता. मी विचारलं नाही.

कमानीखाली एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन थांबली होती. बरोबर नवरा, सामानाचा टेम्पो मागे. तिने एकेक अक्षर जोडत नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"ओ ताई, हे नाव चुकलंय की."

"नाही बाई," मी म्हटलं, "आता बरोबर झालंय."

ती वाचत राहिली. तिच्या डोक्यावरून, मंद्रूपच्या अंगाने, आभाळ भरून येत होतं.