एटेल्कामावशीचं रुखवत

हंगेरीची खरी नदी कोणती, असं आमच्या गावात कुणालाही विचारा. डॅन्यूब म्हणालात तर पुढ्यातलं ताट काढून घेतील! ती काय, दहा देशांची पाहुणी. तिसा मात्र आमची. आमच्यासारखीच हट्टी. तिचं पात्र नांगरायला देवानं गाढव जुंपलं, ते काटेरी झुडपं खात भरकटलं, म्हणून ती अशी वाकडी वाहते. हे आमची शेंबडी पोरंही छाती फुगवून सांगतात.

तिसाच्या बांधाची राखण एटेल्कामावशीकडे, वडिलांनंतर तीच. तरुणपणी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा डॅन्यूबकाठचा. "बांध सोड आणि चल," म्हणाला. "तूच ये की इकडे," ही म्हणाली. तो काही आला नाही. रुखवताची पेटी तशीच राहिली. पिसांच्या दुलया, उशा, प्रत्येक अभ्र्यावर हिनं भरलेली लाल फुलं.

"मावशी, पेटीला बुरशी येईल हं!" बायका चिडवायच्या.

"तुझ्या जिभेला आधी येईल, भवाने!"

त्या एप्रिलात पूर बांधाच्या माथ्याला टेकला. सकाळी गावाकडच्या बाजूला जमिनीतून गढूळ पाणी उसळू लागलं. बांधाखालची माती वाहून चालली होती. मी घाबरून वाळूचं पोतं थेट त्या तोंडावर टाकलं.

"अरे गाढवा, काढ ते!" मावशी कडाडली. "तोंड दाबलंस तर नदी दहा हातांवर दुसरीकडून फुटेल. भोवती पोत्यांचं कडं रचा. पाणी आत चढलं की जोर आपोआप मोडतो."

कडं अर्ध्यावर आलं आणि पोती संपली. नवी पोती आणणारा ट्रक चिखलात रुतलेला. मावशी घरात गेली, पेटी फरफटत बाहेर आणली आणि सुरीनं दुलया उसवायला लागली.

"मावशी, अगं रुखवत ते!"

"गाव बुडाल्यावर काय माझ्या थडग्यावर मांडणार आहेस? भर माती!"

पिसं उडाली, नदीभर झाली. आम्ही अभ्रे भरत गेलो. दुपारपर्यंत कडं पुरं झालं. आत पाणी कमरेइतकं चढलं, थबकलं आणि हळूहळू नितळ झालं. बांध टिकला. मला रडूच फुटलं.

मावशी बांधावर बसली. केसांत पिसं, समोर चिखलात लाल फुलांच्या उशांची रांग.

"कळवा रे त्या डॅन्यूबकाठच्याला कुणीतरी," ती हसत म्हणाली. "रुखवत मांडलं, लागलं एकदाचं माझं लग्न. तेही माहेर न सोडता."