साडूंची दोन मिनिटं

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात धावत आलेली गाडी आल्या आल्या बंद केलेली नाही. दारात यम येऊन उभा राहिला, तरी ते त्याला दोन मिनिटं पायरीवर बसवून ठेवतील, याबद्दल मला शंका नाही. फौजेत ट्रक चालवून ते फलटणला परतले आणि त्यांनी टर्बोची डिझेल जीप घेतली. इंजिनात हवा कोंबणारा हा टर्बो घाट चढून आला की आतून लालबुंद असतो. इंजिन झटकन बंद केलं की त्याला ऑइल मिळायचं थांबतं आणि आत असेल तेवढं जागच्या जागी करपतं. म्हणून किल्ली फिरवण्याआधी गाडी दोन मिनिटं जागेवर चालू ठेवायची. एवढं बऱ्याच ड्रायव्हरांना ठाऊक असतं. पण साडू त्याला ‘दम खाऊ देणं’ म्हणतात आणि तेवढा वेळ देवापुढं बसावं तसे गप्प बसतात.

आटपाडीच्या एका लग्नाला आम्ही उशिरा पोचलो. मंगलाष्टकं चालू होती. आम्ही उड्या टाकून मांडवात पळालो, साडू मात्र गाडीतच. कुणीतरी हाक मारली, तर म्हणाले, “लग्न काय, लागतंय. हिला दम खाऊ द्या.” आणि लाउडस्पीकरवर ‘सावधान’ ऐकू आलं तशा त्यांनी खिडकीतूनच अक्षता टाकल्या. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाली, “आवं, ह्यांचं सोताचंबी तसंच हाय. रानातनं आलं की आदी कट्ट्यावर गार होत्यात, मग बोलत्यात. लय राग आला तर दोनदा गार होत्यात.”

मी नेमका उलटा. आष्ट्यात जुन्या गाड्या घेतो-विकतो. हा धंदा मी कुणाच्या आधारावर नाही, माझ्या चढ्या आवाजावर उभा केला. इतक्या गाड्या पाहिल्या, पण साडूंच्या जीपसारखं इंजिन पाहिलं नाही. इतकी वर्षं पळूनही टर्बोची शिट्टी नव्यासारखी. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी ती विकायला काढली, आणि मला ती विकायला नव्हे, ठेवायला हवी होती. तरी सवयीनं मी टायरला लाथ मारली, सीटला नावं ठेवली, सकाळभर भाव पाडला. ते सगळ्याला हो म्हणाले. मग मी एक चक्कर मारायला निघालो, घाटात दणकून पळवली, तशीच अंगणात आणली आणि खट्कन बंद केली.

साडूंनी बॉनेटवर हात ठेवला. “पावणं, किल्ली द्या.”

“का?”

“भावाला सकाळभर येळ दिलासा. हिला दोन मिनिटं न्हाई दिली.”

जीप त्यांनी एका मास्तरला दिली, तीही माझ्यापेक्षा कमी भावात. वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नाही. चूक माझी होती, मान्य. पण साडूला नाही म्हणायची ही रीत नव्हे, असं मी आजही म्हणतो.

परवा त्यांना माझ्या टर्बोच्या गाडीतून सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आता आहे तेवढीच नजर राहील, असं डॉक्टर म्हणाले. फलटणपर्यंतच्या वाटेत मी मनात सगळी जुळवाजुळव केली. दारात पोचलो की त्या जीपचा जाब विचारायचाच. दारात गाडी थांबली. हात किल्लीकडे गेला आणि तिथंच राहिला. साडू मान किंचित कलती करून इंजिन ऐकत होते. त्या दोन मिनिटांत माझं भांडण कुठं गेलं, मला कळलं नाही.

“झाली गार,” ते म्हणाले. “करा बंद.”

“असू द्या जरा,” मी म्हणालो. “अजून गरम हाय.”

साडू हसले. डोळे अधू झाले तरी टर्बो त्यांना माझ्यापेक्षा चांगला ऐकू येतो. पण दार उघडायला पुढं केलेला हात त्यांनी हळूच मांडीवर ठेवला.